ओळखीचे शब्द का बदलतात? वंश, वर्ण आणि जातीच्या नावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या एका हायस्कूलमध्ये मी इतिहास शिकवत होतो. निवृत्त झालो तरी माजी विद्यार्थी, पालक, नव्यानं नोकरीला लागलेले शिक्षक एकाच विषयावर पुन्हापुन्हा विचारत राहतात. कोणाला काय म्हणायचं? कालपर्यंत चालणारा शब्द आज का चालत नाही? फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्यांत इतिहास आहे आणि तो कापला की उत्तर लंगडं पडतं.

‘निग्रो’ हा शब्द आमच्या लहानपणी पुस्तकांत सर्रास छापलेला असायचा. तो वाईट कधीपासून झाला?

एकेकाळी तो मानाचा शब्द होता, हे आधी लक्षात घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘कलर्ड’ हा सभ्य शब्द समजला जाई. १९०९ साली स्थापन झालेल्या एनएएसीपी या मोठ्या हक्क संघटनेच्या नावात ‘कलर्ड पीपल’ आहे आणि ते आजही तसंच आहे. पुढे ‘निग्रो’नं ती जागा घेतली. इंग्रजी छापखाने हा शब्द लहान अक्षरानं छापत. इतर समाजांची नावं मोठ्या अक्षरानं आणि यांचंच लहान अक्षरानं, हा अपमान होता. काळ्या समाजातले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी मोठ्या ‘एन’साठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९३० साली न्यूयॉर्क टाइम्सनं तो शब्द मोठ्या अक्षरानं छापायला सुरुवात केली. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्यामुळे आपल्याला ही लढाई चटकन उमगत नाही. पण एका अक्षराच्या उंचीसाठी माणसं किती झगडली हे सांगितलं की वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकायला लागायची.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६३ सालच्या वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध भाषणातही ‘निग्रो’ हाच शब्द आहे. त्यानंतर तीनच वर्षांत वारं फिरलं. जून १९६६ मध्ये मिसिसिपीतल्या मोर्चात स्टोकली कारमायकल यांनी ‘ब्लॅक पॉवर’ची हाक दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला. या पोरांना ‘निग्रो’ हा मर्जी सांभाळून जगलेल्या पिढीचा शब्द वाटू लागला. ‘ब्लॅक’ म्हटलं की त्यांच्या आजी-आजोबांना शिवी दिल्यासारखं वाटायचं. नातवंडांनी तोच शब्द छातीवर मिरवला. १९८८ च्या डिसेंबरात काळ्यांचे नेते जेसी जॅक्सन यांनी ‘आफ्रिकन अमेरिकन’ या नावाचा आग्रह धरला. कातडीच्या रंगापेक्षा मूळ भूमी आणि संस्कृती सांगणारं नाव हवं, ही त्यामागची भूमिका.

सरकारी कागद नेहमीप्रमाणे सगळ्यांत मागून आला. जनगणनेच्या अर्जावर ‘निग्रो’ हा पर्याय २०१० पर्यंत होता. तो काढायचं २०१३ साली ठरलं. २०१६ साली ओबामांनी सही केलेल्या एका कायद्यानं जुन्या संघीय कायद्यांच्या कलमांतूनही तो गेला.

‘निग्रो’ आणि ‘ब्लॅक’, दोन्ही शब्दांचा अर्थ ‘काळा’च. मग एक चालतो आणि दुसरा नाही, हे कसं?

१९२८ साली एका शाळकरी मुलानं ड्यू बॉइस यांच्या ‘द क्रायसिस’ मासिकाला पत्र लिहिलं. ‘निग्रो’ हा शब्द गोऱ्यांनी आपल्याला हलकं ठरवण्यासाठी लादलेला आहे, तुम्ही तरी तो का वापरता, असा त्याचा सवाल होता. ड्यू बॉइस यांच्या उत्तराचा आशय असा की नाव बदलल्यानं वस्तुस्थिती बदलत नाही, आधी परिस्थिती बदलायला हवी.

हे उत्तर मी शिकवताना अनेकदा सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी मला दोघांचंही पटतं. नुसतं नाव बदलून भाकरी मिळत नाही, हे खरं. पण जो माणूस परिस्थिती बदलायला उभा राहतो, तो स्वतःला काय म्हणायचं हे स्वतः ठरवायला लागतो, हेही तितकंच खरं. ‘ब्लॅक’ हे नाव त्या लोकांनी स्वतः निवडलं, मोर्चात घोषणा देत निवडलं. शब्दकोशात दोन्हींचा अर्थ एकच सापडेल, त्या निवडीची नोंद मात्र तिथं सापडत नाही.

या सगळ्या पानावर माझं म्हणणं एकच आहे. ज्याची ओळख, त्याचा शब्द. बाहेरच्यानं कितीही चांगल्या मनानं दिलेलं नाव त्या समाजानं स्वीकारलं तरच टिकतं.

दक्षिण आफ्रिकेत लोक स्वतःला ‘कलर्ड’ म्हणवतात असं ऐकलं. मग तो शब्द चालतो का?

तिथं चालतो, कारण तिथं ते एका समाजाचं नाव आहे. वेगवेगळ्या मुळांच्या मिश्र वारशाचा, मुख्यतः केप भागातला हा समाज. वर्णभेदी राजवटीनं १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानं माणसांचे कप्पे पाडले, त्यांतला हा एक कप्पा. कायदा गेला, पण बोली, स्वयंपाक, नातीगोती असलेला समाज राहिला. अमेरिकेत मात्र हाच शब्द एखाद्याला उद्देशून वापरला तर तो दुखावेल. शब्दाला गाव असतं.

मराठीत काय लिहावं? ‘कृष्णवर्णीय’, ‘काळे’, की ‘आफ्रिकी-अमेरिकी’?

वर्तमानपत्रांत ‘कृष्णवर्णीय’ रुळला आहे, तो वापरायला हरकत नाही. माझ्या कानाला मात्र तो थोडा सोवळ्यातला वाटतो. ‘काळे’ म्हणायला जीभ अडखळते म्हणून संस्कृतचं पांघरूण घातल्यासारखा. अमेरिकेतल्या चळवळीबद्दल लिहिताना ‘काळे लोक’, ‘काळ्यांचे हक्क’ असं सरळ लिहिण्यात काही वावगं नाही, कारण त्यांनी ‘काळा’ हीच ओळख अभिमानाची केली आहे. नायजेरियाच्या माणसाबद्दल लिहिताना ‘नायजेरियन’ लिहा. तो अमेरिकी नाही आणि त्याच्या देशात सगळेच काळे असल्यामुळे ती त्याची वेगळी ओळखही नाही.

‘हबशी’ इतिहासात राहू द्या. अॅबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, अरबी नावावरून तो आला. जंजिऱ्याच्या मुलखाला ‘हबसाण’ म्हणत, आणि मलिक अंबरबद्दल लिहिताना तो शब्द येणारच. पण आज आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला राहणारे आफ्रिकी मुळाचे लोक स्वतःला ‘सिद्दी’ म्हणवतात. तिथं २००३ पासून ते अनुसूचित जमातीत आहेत. त्यांना सिद्दीच म्हणायचं.

फुटबॉलच्या मॅचला आम्ही आफ्रिकेच्या खेळाडूंना ‘ए काळ्या’ म्हणून हाका मारतो. त्यात प्रेमच असतं. कोल्हापूरची भाषाच रांगडी आहे, त्याला काय करणार?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

पेठांचं फुटबॉल हे कोल्हापूरचं काळीज आहे. शाहू स्टेडियमवर पेठेची टीम उतरली की घराघरांतले मतभेद गॅलरीत येऊन बसतात. आपल्या संघांकडून आफ्रिकेतले खेळाडू खेळून गेले, आपल्या पोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं, गोल झाल्यावर खांद्यावर नाचवलं. ते प्रेम खरं होतं, मी पाहिलं आहे.

आणि हेही पाहिलं आहे. मॅच बरोबरीत, शेवटची काही मिनिटं. समोरच्या संघाचा आफ्रिकी फॉरवर्ड थ्रो-इन घ्यायला कठड्याजवळ आला. माझ्या पुढच्या रांगेतल्या, मिसरूड न फुटलेल्या पोरानं माकडाचा आवाज काढला. मग आजूबाजूच्या चार-पाच जणांनी काढला. खेळाडूनं बॉल डोक्यावर धरला होता, तो तसाच धरून त्यानं एकदा मान वळवून गॅलरीकडे बघितलं आणि मग थ्रो केला. त्याला मराठी येत नव्हतं. कळायला मराठीची गरजही नव्हती.

आपली भाषा रांगडी आहे, त्याचा मला अभिमान आहे. तालमीतला दोस्त दोस्ताला ‘काळ्या’ म्हणतो आणि दुसरा त्याला लगेच ‘जाड्या’ म्हणून परत करतो, तेव्हा हिशोब तिथंच फिटतो. दोघं एका पेठेतले, दोघांचं तोंड सारखंच सुटतं. परक्या देशातून पोटासाठी आलेल्या एकट्या खेळाडूला परत काही म्हणायची सोय नसते. आणि आपल्याकडे ‘काळा’ हा शब्द नुसता रंग सांगत नाही. मुलगी बघायला गेल्यावर ‘सावळी आहे पण नाकीडोळी नीटस’ असं म्हणणारे आपणच. तो ‘पण’ त्या हाकेतही असतो. खेळाडूला नाव असतं, जर्सीवर नंबर असतो. कोल्हापूरकर गॅलरी नाव घेऊन गर्जली तर त्याच्या अंगावर मूठभर मांस चढेल.

ईशान्य भारतातल्या मुलामुलींना ‘चिंकी’ किंवा ‘नेपाळी’ म्हणतात. हे पण त्यातच येतं का?

येतं. मणिपूर, नागालँड, मिझोराम, अरुणाचलची माणसं भारतीय आहेत आणि त्यांना चेहऱ्यावरून परकं ठरवणं हा वंशभेदच. केंद्रीय गृहमंत्रालयानं २०१२ साली राज्यांना कळवलं की अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला ‘चिंकी’ म्हणणं अॅट्रॉसिटी कायद्याखाली शिक्षेस पात्र ठरू शकतं. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाला दिसण्यावरून चिडवलं गेलं, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. त्यानंतर ईशान्येच्या लोकांच्या प्रश्नांसाठी सरकारनं बेजबरुआ समिती नेमली. ‘नेपाळी’ ही शिवी नाही, पण ती नेपाळच्या माणसाची ओळख आहे. गावातला प्रत्येक गुरखा आणि मोमोवाला नेपाळीच, असं धरून चालू नका.

जात म्हणजे वंश का? दोन्हींची सांगड का घालता?

एकच नाहीत. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या मुळांवर लिहिताना वंशाचा सिद्धांत स्पष्ट शब्दांत फेटाळला. २००१ मध्ये दर्बानच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न घ्यावा का यावर मोठा वाद झाला आणि भारत सरकारचा त्याला विरोध होता.

पण दोन्हीकडे जन्मावरून माणसाला खाली ढकललं गेलं, आणि ढकललेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव डोळ्यांसमोर ठेवून. शब्दांची देवाणघेवाण आपल्या आधीच्या पिढ्यांनी केलेली आहे, मी नव्यानं काही जोडलेलं नाही.

‘हरिजन’ म्हणजे देवाची माणसं. इतका चांगला शब्द का नको?

कारण ज्यांना तो दिला त्यांनी तो नाकारला. गांधीजींनी १९३२-३३ पासून हा शब्द प्रचारात आणला, त्या नावाचं साप्ताहिक काढलं. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण १९३८ च्या जानेवारीत मुंबई कायदेमंडळात एका विधेयकात हा शब्द आला तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला, आणि बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं सभात्याग केला. आम्ही देवाची माणसं, तर बाकीचे कोणाची? दयेनं जवळ घेणारा शब्द हक्क मागणाऱ्याला नको असतो.

१९८२ साली केंद्र सरकारनं राज्यांना सांगितलं की जातीच्या दाखल्यावर ‘हरिजन’ लिहू नका. त्यालाही आता चाळीस वर्षं उलटून गेली. तरी काही गावांत ‘हरिजन वाडा’ बोलण्यात आहे. कृपा करून बंद करा.

पण शाहू महाराजांनीही अस्पृश्य समाजाला नवी नावं दिली होती ना? ते चुकीचं होतं का?

कोल्हापुरात हा प्रश्न विचारायला धाडस लागतं आणि उत्तर द्यायलाही. दोन्ही करू या.

महाराजांनी महारांना ‘सूर्यवंशी’, चर्मकारांना ‘सरदार’ आणि सफाईचं काम करणाऱ्या समाजाला ‘पंडित’ म्हणावं असं ठरवलं. ज्या काळात जातीचं नाव तोंडातून निघायचं तेच हेटाळणीनं, त्या काळात राजानं भरदरबारात ‘पंडित’ म्हणून हाक मारावी, याची किंमत आज आपल्याला पुरती कळणार नाही.

आणि त्यांनी नुसती नावं दिली नाहीत. २६ जुलै १९०२ च्या आदेशानं संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. १९१८ साली महार वतनाची बेगार मोडली. रोज चावडीवर हजेरी लावायला लागायची ती पद्धत बंद केली. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलं सगळ्यांबरोबर एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि तिथं स्वतः जाऊन चहा घेतला. ड्यू बॉइस म्हणत होते ना, आधी परिस्थिती बदला. महाराजांनी नाव आणि परिस्थिती दोन्हींना एकदम हात घातला.

तरीही ती नावं समाजाची ओळख म्हणून रुजली नाहीत. आज कोणी ‘सूर्यवंशी समाज’ म्हणून महारांची ओळख सांगत नाही. रुजलं ते आतून आलेलं नाव. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढलं, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पुढच्या पत्रांची नावं बघा: १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९३० ला ‘जनता’, १९५६ ला ‘प्रबुद्ध भारत’. मुका, बहिष्कृत, मग जनता, मग प्रबुद्ध. एक समाज स्वतःबद्दल काय बोलतो याचा तो आलेख आहे, आणि तो त्यांनी स्वतः काढलेला आहे.

महाराजांना हे कळत होतं असं मला मनापासून वाटतं. २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावच्या परिषदेत त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. स्वतः राजा असून पुढारीपण दुसऱ्याच्या हाती देणारा माणूस नाव ठेवण्याचा हक्क स्वतःकडे धरून बसला असता, हे मला पटत नाही.

‘दलित’ शब्दावर सरकारनं बंदी घातली आहे का?

बोलण्यावर नाही. २०१८ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयानं सरकारी कामकाजात ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ हा घटनात्मक शब्द वापरा असं कळवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं खासगी वाहिन्यांना तशी सूचना दिली. त्यामागे मध्य प्रदेश आणि मुंबई उच्च न्यायालयांतल्या याचिका होत्या.

समाजात दोन मतं आहेत आणि दोन्ही ऐकण्यासारखी आहेत. काही जण म्हणतात, आम्ही धम्म घेतला, आता स्वतःला ‘दळलेले’ का म्हणवून घ्यायचं? दुसरे म्हणतात, हा शब्द आम्ही लढून कमावला. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि त्याचं उद्घाटन अण्णा भाऊ साठेंनी केलं. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं दलित या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर, स्त्रिया, शोषण होणारे सगळेच घेतले. ती जातीची ओळख राहिली नाही, भूमिकेची झाली. सरकारी अर्जात ‘अनुसूचित जाती’ लिहा. साहित्य आणि चळवळीबद्दल लिहिताना ‘दलित’ लिहायला काहीच अडचण नाही. एखाद्या माणसाची ओळख करून देताना तो स्वतःला काय म्हणवतो ते बघा.

‘नवबौद्ध’ की ‘बौद्ध’?

बौद्ध. १९५६ ला धम्म घेतला, त्याला किती पिढ्या झाल्या? ‘नव’ आता कशाला? सरकारी योजनांच्या नावांत ‘नवबौद्ध’ अजून आहे, तिथं तो कागदाचा शब्द म्हणून राहील.

‘आदिवासी’ आणि ‘वनवासी’ यांत फरक काय?

‘आदिवासी’त या भूमीवरचा पहिला हक्क आहे, ‘वनवासी’त नुसता पत्ता. आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांनी संविधान सभेत आदिवासी याच नावाचा आग्रह धरला होता. घटनेत ‘अनुसूचित जमाती’ आलं. तसंच ‘गुन्हेगार जमाती’चं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेले समाज १९५२ साली मुक्त झाले, म्हणून ‘विमुक्त’. चोरी झाली की अजूनही त्याच वस्तीकडे बोट दाखवणाऱ्यांनी ही तारीख पाठ करावी.

शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये जातीचे जुने शब्द आहेत. ते खोडून नवे लिहायचे का?

अजिबात नाही. पेन हातात घेऊ नका.

जात पडताळणीत जुनी नोंद हाच जीव असतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. तो बहुतेक वेळा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येच सापडतो. निळ्या-काळ्या शाईत, मोडीचं वळण असलेल्या अक्षरात, ‘जात’ या रकान्यात एकच शब्द. त्या शब्दानं पणजोबाला वर्गाबाहेर बसवलं असेल. आज त्याच शब्दावर पणतीचा मेडिकलचा प्रवेश टिकतो. कोणी पानावर खाडाखोड केली असेल, शाई फासली असेल, तर समितीपुढे सिद्ध करता करता कुटुंबाच्या नाकीनऊ येतात. नव्या दाखल्यावर काय लिहायचं याचे शासनाचे नियम आहेत, ते पाळा. जुनं पान जसंच्या तसं जपा, वाळवीपासूनसुद्धा.

वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय झाला. त्यानं नेमकं काय होतं?

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की गावं, वस्त्या आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. मी याच्या बाजूनं आहे. मुलीच्या आधारकार्डावर आणि नोकरीच्या अर्जावर तिची जात पत्त्यातून छापली जाऊ नये, एवढं तरी होतं. कोल्हापूर शहरात सिद्धार्थनगर हे नाव किती सहज रुळलं आहे बघा. पण पाट्या बदलताना ग्रामपंचायतीनं त्या वस्तीतल्या लोकांना बोलावून नाव विचारावं. सरपंचांनी परस्पर ठरवलेलं नाव पुन्हा वरून आलेलंच. आणि नवी पाटी लावून नळाचं पाणी वस्तीत शेवटीच पोचणार असेल तर लोक पाटीकडे बघणार नाहीत.

मग बोर्डिंगांची नावं? दसरा चौकाच्या आसपास सगळी जातीधर्माचीच आहेत.

ती राहू द्या. खेड्यातल्या मुलाला शहरात कोणी थारा देत नव्हतं, म्हणून महाराजांनी समाजासमाजाची वसतिगृहं उभी करायला लावली. १९०१ ला मराठा बोर्डिंगपासून सुरुवात झाली, १९०८ ला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. एनएएसीपीनं ‘कलर्ड’ का ठेवलं, त्याचं उत्तर इथंच मिळतं. संस्थेच्या नावात तिचा जन्मकाळ असतो. आत प्रवेश देताना भेद नको, एवढं पाहिलं की पुरे.

जातीचं नाव उच्चारणं हाच गुन्हा आहे का?

नाही. इतिहास शिकवताना, अर्ज भरताना, संशोधन करताना जातीचं नाव घ्यावंच लागतं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला अपमान करण्याच्या हेतूनं, लोकांच्या नजरेसमोर जातीवरून बोलणं हा १९८९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली: अशा शब्दाचा मूळ व्युत्पत्तीचा अर्थ पाहायचा नाही, लोकव्यवहारात त्याला जो अर्थ आला आहे तो पाहायचा. ‘मी तर धंद्याचं नाव घेतलं’ ही पळवाट त्यामुळे बंद झाली.

जुन्या पुस्तकांतले, लावणी-पोवाड्यांतले असे शब्द काढून टाकायचे का?

काढू नका. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेच्या इंग्रजी मजकुरात ‘निग्रो’ आहे, तो १८७३ चा शब्द आहे आणि तिथंच राहील. वर्गात वाचताना थांबून सांगा की तेव्हा असं म्हणत, आता म्हणत नाहीत, आणि का. मोठ्यानं वाचायला मात्र त्याच समाजातल्या मुलाला उभं करू नका.

आजचा शब्द उद्या वाईट ठरेल. मग दर पिढीला शिकत बसायचं का?

हो, बसायचं. भिशीचे नियम, बँकेचे अॅप, उसाचा एफआरपी, सगळं आपण नव्यानं शिकतोच ना. शब्द जुना का होतो तेही पाहा. वागणूक तशीच राहिली की नव्या शब्दालाही त्या वागणुकीचा वास लागतो. ‘मागासवर्गीय’ हा शब्द नियमाचाच, पण ऑफिसात ‘तो कॅटेगरीतला आहे’ असं डोळे मिचकावून म्हटलं की तो नियमाचा शब्दही टोचायला लागतो.

कोणाला काय म्हणायचं हे त्यालाच विचारायचं, म्हणजे जात विचारायची?

नाही हो. ‘पाव्हणं कुठलं? आडनाव काय? भावकी कुठली?’ ही आपली जात काढायची चौकशी आधीच पुरेशी चालते, त्यात भर नको. रोजच्या व्यवहारात नाव पुरतं. समाजाचा उल्लेख करायचं खरोखर कारण असेल, म्हणजे बातमी असेल, पुस्तकाचा परिचय असेल, सत्काराची पत्रिका असेल, तेव्हा फोन करून विचारा: ‘तुमच्याबद्दल काय लिहू?’ बहुतेक माणसं आनंदानं सांगतात. काही म्हणतात, कामाचं लिहा, समाजाचं नको. मग तसं लिहा.

घरातले आजी-आजोबा जुनेच शब्द वापरतात. नातवंडांसमोर त्यांना टोकायचं का?

चारचौघांत नको, त्यांना लागतं आणि ते हट्टाला पेटतात. रात्री जेवण झाल्यावर, दोघंच असताना सांगा. ‘आबा, शेजारच्या काकांना तो शब्द आवडत नाही, त्यांच्यासमोर नका म्हणू.’ एवढंच. कारणांची लांबण लावू नका. बरेच जण दुसऱ्या दिवसापासून सांभाळतात. नाही सांभाळलं तर नातवंडाला वेगळं बसवून सांगा की आबांच्या काळात असं म्हणत, आपण म्हणत नाही. आणि तो शब्द पोरानं शाळेत नेला, तर शाळेतून फोन येण्याची वाट न बघता त्या दुसऱ्या पोराच्या घरी तुम्ही स्वतः जाऊन बोला.